उकिडवे ॲण्ड सन

सिंगापूर, तेलोक ब्लांगा
शनिवार, ८ नोव्हेंबर

प्रिय प्रबोध,

अनेक आशीर्वाद. फराळाचा डबा आणि त्याच्या तळाशी ठेवलेले कागद, दोन्ही मंगळवारी मिळाले. एकही चिरोटा मोडला नव्हता, सविताला सांग. कागद चिरोट्यांखाली ठेवायची युक्ती तिची की तुझी ते माहीत नाही, पण ताईचं तोंड आधी गोड करावं आणि मग सही मागावी, हे मला बरोबर कळलं. सही कुठं करायची तिथं तू पेन्सिलनं फुल्याही करून ठेवल्यास. अप्पांनी शेवटपर्यंत सगळं स्वतःच्या नावावर ठेवलं, म्हणून ते गेल्यावर कंपनी निम्मी तुझी आणि निम्मी माझी झाली. आता माझा निम्मा हिस्सा मी तुझ्या राजसला बक्षीस द्यायचा, इथल्या हायकमिशनमध्ये जाऊन अधिकाऱ्यासमोर सही करायची, आणि एक जानेवारीपासून राजस उकिडवे प्लास्टिक्सचा मॅनेजिंग डायरेक्टर. अँजिओप्लास्टी झाल्यापासून तुला घाई लागलीय, ती मी समजू शकते. संजीव म्हणतो, सही कर आणि मोकळी हो, माहेरशी वाकडं कशाला. आमची अनुया इथंच वाढलेली पोर, ती म्हणाली, ममा, डोन्ट साइन ला, सो सिंपल. नवरा आणि लेक यांच्या मधे मी चार दिवस नुसती बसून होते.

फोन करू शकले असते, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी मुद्द्यावर आले की तुझ्या केबिनमध्ये कुणीतरी येतं. शिवाय मागच्या फोनवर तू मला कोरिया शिकवलास, त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येण्यासारखं नव्हतं. तू म्हणालास, ताई, तूच बघ, त्या कोरियन कंपन्या आजोबांनी काढल्या, मुलांनी वाढवल्या, नातू चालवतायत, आणि आज घराघरात त्यांचा फ्रिज आणि खिशाखिशात त्यांचा फोन आहे. घराण्यात राहिलं म्हणून टिकलं. जपान्यांनी पगारी मॅनेजर बसवले आणि मार खाल्ला. प्रबोध, मी अठरा वर्षं जपानी कंपनीच्या हार्बरफ्रंटच्या ऑफिसात काढली, आणि बारा वर्षं तांजोंग पगारला कोरियन कंपनीत काढतेय. दोन्हीकडे खरेदी विभागात. व्हिडिओ बघून तू जे सांगतोस ते अगदीच खोटं नाही, पण अर्धं आहे, आणि अर्ध्यावर तू भोसरीचा कारखाना मांडायला निघालायस.

तर जपान्यांचं ऐक. तिथं कुठलाही मोठा निर्णय म्हणजे एक कागद. तो खालून वर फिरतो आणि प्रत्येक टेबलावर त्याच्यावर शिक्का बसतो. मलासुद्धा माझ्या नावाचा छोटा लाल शिक्का दिला होता. काही जुन्या मंडळींची रीत अशी, की खालच्या माणसानं आपला शिक्का सरळ मारायचा नाही, वरिष्ठाच्या शिक्क्याकडे जरा कलता मारायचा. नमस्कार केल्यासारखा. मला पहिल्यांदा हायाशी-सान या माझ्या साहेबांनी हे दाखवलं तेव्हा फार कौतुक वाटलं होतं. दोन हजार चारमध्ये असाच एक कागद आला. पातळ टीव्ही आत्ताच आणायचे, की चित्र आणखी सुधारेपर्यंत एक वर्ष थांबायचं? कागद म्हणत होता, थांबू. माझ्याकडे जकार्ता आणि मनिलाच्या दुकानदारांची पत्रं होती. ते लिहीत होते, बाई, गिऱ्हाईक तुमचं चित्र बघतच नाही, कोरियन टीव्ही भिंतीला लागतो म्हणून तो घेऊन जातं. ती पत्रं मी कागदाला जोडायला हवी होती. माझ्या आधी तीन शिक्के पडले होते, तिघेही हुशार, तिघेही गप्प. मीही मूग गिळले आणि चौथा शिक्का मारला, चांगला कलता. अकरा शिक्के पुरे व्हायला साडेतीन महिने गेले. तोवर सिम लिम या इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात सगळ्या मजल्यांवर कोरियन टीव्ही लागले होते. हायाशी-सान निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, तुला माहीत होतं ना? मी हो म्हटलं. ते म्हणाले, मलाही.  पुढं कंपनीनं टीव्हीचा धंदाच विकून टाकला आणि आमचा मजला रिकामा झाला.

मग मी समोरच्या गोटात गेले. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला त्यांनी घेतलं, कारण जपानी पुरवठादार मला नावानिशी ओळखत होते. कोरियन लोक या घराण्याच्या पसाऱ्याला चेबोल म्हणतात. एकाच कुटुंबाकडे जहाजं, विमा, हॉटेलं, फोन, सगळं. तिथं शिक्के नाहीत. अध्यक्षांनी सकाळी सोलमध्ये एक वाक्य बोलायचं आणि दुपारी आम्ही इथं जेवण टाकून कामाला लागायचं. पहिले सहा महिने मला वाटायचं, यांच्या अंगात आलंय. पण काम होतं, हे कबूल करायला पाहिजे. जपान्यांना ज्याला वर्ष लागायचं ते हे सहा आठवड्यांत उभं करतात. फक्त एक भानगड आहे. वरचा माणूस चुकला, तर थांबवणारं कुणी नाही. तीन वर्षांपूर्वी अध्यक्षांचा नातू आमच्याकडे पाठवला होता, शिकायला म्हणून. एकतीस वर्षांचा, अमेरिकेत शिकलेला, अतिशय सभ्य मुलगा. चार तास मीटिंग चालली आणि त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. दुपारी त्याला हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, जेवायला न्यायचं काम माझ्याकडे आलं. फिशबॉल नूडल्स खाता खाता तो म्हणाला, मिसेस शैला, मी नुसतं विचारलं, की हा रंग निळा का आहे, तर वीस माणसं शनिवार-रविवार बसून तो हिरवा करतात, म्हणून मी काही विचारतच नाही. मग म्हणाला, त्याला शाळेत शिक्षक व्हायचं होतं. मी त्याला आणखी एक वाटी सूप आणून दिलं. दुसरं काय करणार होते?

हे झालं त्यांचं कौतुक. आता घराण्याचं. तुला व्हिडिओत नातू दिसले, पण भावाभावांची भांडणं दिसली नसतील. खुर्ची एक आणि पोरं तीन झाली की कोर्टकचेरी ठरलेली. आणि मुली? त्यांना हॉटेल द्यायचं, कपड्यांचं दुकान द्यायचं, बेकरी द्यायची, म्हणजे त्या रमतात. आता आता कुठं एखाददुसऱ्या घरात मुलगी खुर्चीवर दिसते. जपानी त्या मानानं चतुर. ओसाकाचा एक स्क्रू बनवणारा पुरवठादार आमच्याकडे यायचा. त्यांच्याकडे मुलगा नालायक निघाला तर त्याला बाजूला बसवतात, कारखान्यातला हुशार माणूस हेरतात, मुलगी त्याला देतात आणि त्याला आपलं आडनाव लावतात. तो गृहस्थ स्वतः असाच आलेला. मी हे अप्पांना सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. म्हणाले, म्हणजे घरजावईच की. मीही हसले. नंतर माझ्या लक्षात आलं, की त्या स्क्रूवाल्याची बायको त्याच कारखान्यात हिशेबनीस होती, सगळी गिऱ्हाइकं तिला तोंडपाठ होती, आणि तिलाच कुणी खुर्चीवर का बसवलं नाही हे मी, अप्पा किंवा तो स्क्रूवाला, कुणीच विचारलं नाही.

अप्पांबद्दल वाईट बोलायचं नाही असं मी ठरवून बसले होते, पण ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. अप्पांनी दोघांचंही वाईट तेवढं उचललं होतं. निर्णयाला जपान, खुर्चीला कोरिया. सहा महिने कुठल्या गोष्टीला हो म्हणायचे नाहीत, आणि एकदा नाही म्हटलं की देव आला तरी बदलायचे नाहीत. माणूस मात्र कामाचा पक्का. मी इंजिनिअर झाले त्या वर्षी, सत्त्याऐंशीत, मला साचे बनवायच्या टूलरूममध्ये घेऊन गेले आणि म्हणाले, बस इथं, हे पोलाद कसं कापलं जातं ते बघ. तीन वर्षं मी तिथं होते. तुला आठवत नसेल, तू तेव्हा बी.कॉम.ला होतास आणि कारखान्यात पाऊल टाकलंस की तुला शिंका यायच्या. नव्वदच्या दसऱ्याला नवी पाटी आली. मी पूजेचं ताट घेऊन बाहेर आले आणि वर बघितलं: उकिडवे ॲण्ड सन. रंगाऱ्यानं सुंदर काढली होती, सन शब्दाखाली सोनेरी रेघ. मी सगळ्यांना पेढे वाटले. तुलाही पहिला पेढा मीच भरवला. चार महिन्यांनी संजीवचं स्थळ आलं आणि मी हो म्हटलं. पुढं कंपनीचं नाव प्लास्टिक्स झालं, पण ती पाटी अजून गेटवर आहे, हे तुझी लेक जाई मला सांगते.

आता जाईबद्दल. ही गोष्ट सात वर्षं माझ्याकडे आहे आणि तुला माहीत नाही. अठरा सालची ती मोठी कोरियन ऑर्डर, जिच्यावर आज निम्म्याहून जास्त कारखाना चालतो, ती माझ्या शब्दामुळे मिळाली असं तू चारचौघांत सांगतोस. दर वर्षी माझे आभार मानतोस आणि मी गप्प बसते. प्रबोध, माझा त्यात सुतराम संबंध नाही. तुमचं नाव आमच्या कंपनीच्या पुरवठादारांच्या यादीत दिसलं त्याच दिवशी मी साहेबांना लेखी दिलं, की हे माझं माहेर आहे. तासाभरात ती फाइल माझ्याकडून काढून घेतली. तुम्हाला तपासायला आलेली माणसं आमच्या भारतातल्या ऑफिसची होती, त्यांना मी कोण ते ठाऊकही नव्हतं. त्यांनी अप्पांना सांगितलं, पंधरा दिवसांत नमुन्याचा साचा करून दाखवा. आणि अप्पांनी काय उत्तर दिलं ते तू स्वतः ऐकलंस: पितृपंधरवडा आहे, घटस्थापनेला पोलादाला हात लावू. कोरियन माणसाला पंधरा दिवस थांबा म्हणणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. दुसऱ्या कारखान्याचं नाव त्यांच्याकडे तयारच होतं. तू गप्प राहिलास. अप्पांपुढं तू नेहमीच गप्प राहायचास, त्यात तुझा दोष नाही, मीही तशीच.

जाईला नोकरी, म्हणजे घरचीच, लागून तेव्हा दोन वर्षं झाली होती. चोवीस वर्षांची पोर. तिनं सर्वपित्रीच्या आत साचा पुरा केला. अप्पांना सांगितलं, वॉशिंग मशीनच्या जुन्या साच्याची दुरुस्ती चालू आहे. तुलाही तेच सांगितलं. टूलरूमच्या दोघा कारागिरांना तिनं सांगितलं, की पितर रागावले तर माझ्यावर रागावतील, तुम्ही फक्त मशीन लावा. बाराव्या दिवशी अप्पा काठी टेकत टूलरूममध्ये आले. तिनं मला फोनवर सांगितलं ते असं: आजोबा साच्यापाशी उभे राहिले, बोटानं कड तपासली, आणि जुनी दुरुस्ती छान चाललीय असं म्हणून परत गेले. पन्नास वर्षं पोलाद हाताळलेल्या माणसाला नवं आणि जुनं कळत नाही होय? त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी ते तुला सांगितलं नाही, मला सांगितलं नाही, आणि तिलाही शाबास म्हटलं नाही. घटस्थापनेला तू नारळ फोडलास तेव्हा तिनं साचा परस्पर त्यांना दाखवून दोन दिवस आधीच पास करून घेतला होता. तिनं मला शपथ घातली होती, बाबांना वाईट वाटेल, सांगू नकोस. म्हणून मी तुझे आभार घेत राहिले. त्याची मला लाज वाटते.

राजसचंही सांगून टाकते. दर रविवारी तो जेवायला येतो. इथल्या बँकेत त्याचं चांगलं चाललंय, साहेब खूश आहेत, इथं कायम राहायला पीआरचा अर्ज टाकलाय हे त्यानं तुला सांगितलं नसेल. तू विचारलंस की तो म्हणतो, बघू बाबा. आपल्याकडे बघूचा अर्थ काय ते तुला मी सांगायला नको. मागच्या रविवारी आमटी वाढताना मी त्याला सरळ विचारलं, तुला भोसरीला जायचंय का?  तो म्हणाला, आत्या, मला तिथलं काही कळत नाही, आणि जाईताईला सगळं कळतं, आणि मी तिच्या वर जाऊन बसलो तर मला तिच्या डोळ्यांत बघता येणार नाही. बाबांना नाही म्हणायची हिंमत नाही, तू सही करू नकोस, म्हणजे आपोआप अडेल. अठ्ठावीस वर्षांचा बाप्या, आणि आत्याच्या पदराआड लपतोय. मी त्याला चांगलं सुनावलं. पण काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते त्यालासुद्धा दिसतंय, तुला दिसत नाही, हे मला लागलं.

सही मी करत नाहीये. कागद याच पाकिटात परत पाठवतेय. तुझ्या फुल्या खोडरबरानं पुसल्यात, दुसऱ्या कुणाला देशील तर नव्यानं कर. वाटणी मागतेय असं समजू नकोस. मला भोसरीतून काही नको, आमचं इथं छान चाललंय, आणि मार्चमध्ये मी निवृत्त होतेय. माझा हिस्सा मी जाईच्या नावावरही परस्पर करून टाकणार नाही. तसं केलं तर मग मीही अप्पाच झाले. सविताला हे पत्र वाचून दाखव, तिला आधीपासून काय वाटतं ते मला माहीत आहे, तुला माहीत आहे का ते बघ. गोळ्या वेळेवर घे, आणि रोज चालायला जातोस म्हणतोस ते खरंच जा, गेटपर्यंत जाऊन चहा पिऊन येणं म्हणजे चालणं नव्हे.

आता हे सगळं आजच का लिहिलं, आणि कुरिअरचे जादा पैसे भरून गुरुवारच्या आत तुझ्या हातात का पडायला हवं, ते सांगते. जाई नोकरी सोडतेय. त्या साच्याची तपासणी करायला आलेल्या कोरियन माणसांनीच तिला त्यांच्या साच्यांच्या कारखान्यात बोलावलंय, कोरियात. व्हिसा झाला, तिकीट तीस तारखेचं आहे. पुढच्या रविवारी, सोळाला, जेवणं झाल्यावर ती तुला आणि सविताला सांगणार आहे. मला तिनं बुधवारी फोनवर सांगितलं आणि पुन्हा शपथ घातली. या वेळी ती मी मोडतेय, तिनं रागवायचं तेवढं रागवू दे. ती रडली नाही. म्हणाली, आत्या, नऊ वर्षांत त्यांनी मला एकदाच बघितलं आणि विचारलं, बाबांनी रोज बघितलं. तू आता तिला थांबवायला जाशील, पगार वाढवतो म्हणशील, माझ्या तब्येतीचं काय म्हणशील. त्यातलं काही करू नकोस. रविवारच्या आत, शुक्रवारी नाहीतर शनिवारी, टूलरूममध्ये जा, तिच्या टेबलापाशी स्टूल ओढून बस, आणि हा कारखाना तू चालवशील का एवढंच विचार. ती नाही म्हणाली तर तिला विमानतळावर सोडायला जा आणि हसून निरोप दे. नाही म्हणायचा तिला पूर्ण अधिकार आहे. पण न विचारता जाऊ देऊ नकोस. मला संजीव आवडला म्हणून मी लग्न करून निघून गेले असं तुम्ही सगळे पस्तीस वर्षं समजत आलात. संजीव चांगलाच निघाला, ते माझं नशीब. पण ते स्थळ आलं त्या रात्री अप्पांनी मला एकदा विचारलं असतं ना प्रबोध, तर मी राहिले असते.

तुझीच,
शैलाताई